टाळी वाजवते : होय

१९९९ साली मी अंगणवाडी सेविका झाले तेव्हा आमच्या अंगणवाडीला ना अंगण होतं ना वाडी. विहाराला लागून समाजमंदिराच्या दोन खोल्या होत्या. एकीत लोकांच्या धानाची पोती आणि लग्नात भात शिजवायचे मोठाले गंज, दुसरीत आम्ही. तिरोड्याहून बोदलकसाच्या रस्त्याला लागायचं आणि मध्येच डावीकडे वळायचं, की आमचं गाव. गावात बारावी पास सून मी एकटी होते. नेमणुकीचा कागद आला त्या दिवसापासून सगळे मला ‘बाई’ म्हणू लागले आणि दुसऱ्या दिवसापासून मीही बाईसारखी बोलू लागले. पद मिळालं की अक्कलही सोबतच मिळते, असा माझा तेव्हा समज होता.

गोंदियाला महिनाभर प्रशिक्षण झालं. चाळीसेक बाया सतरंजीवर गोल करून बसायच्या आणि नाक धरून, कान हलवून, बेडकासारख्या उड्या मारत बालगीतं म्हणायच्या. शिकवणाऱ्या मॅडम गोंदिया शहरातल्या, त्यामुळे अर्धं प्रशिक्षण हिंदीत. ‘बच्चा देख-देख के सीखता है,’ हे त्या रोज एकदा तरी सांगत. मी वहीत शुद्ध मराठीत लिहिलं, ‘मूल अनुकरणातून शिकते’, आणि खाली दोन रेघा मारल्या. वहीत दोन रेघा मारल्या की गोष्ट आपल्याला समजली, ही विद्या मी शाळेपासून जोपासली होती.

मॅडमचं म्हणणं खोटंही नव्हतं. माझ्यासमोर रोज तीस लेकरं बसायची आणि सगळी नकलेत तरबेज. मी शिंकले की अर्धी अंगणवाडी शिंकायची. रोवणीच्या दिवसांत आया लेकरांना माझ्याकडे टाकून शेताच्या बांधीत उतरायच्या, तर इकडे लेकरं ओळीनं वाकून, उलट्या पावलांनी मागं सरकत सतरंजीवर धानाची रोपं लावायची. एक दोन वर्षांचं लेकरू अजून धड बोलतही नव्हतं, पण प्लास्टिकचा रिकामा तुकडा दोन तळव्यांत धरून तंबाखूचा खर्रा घोटायचं, चिमूट गालात ठेवल्यासारखं करायचं आणि भिंतीकडे तोंड करून पिचकारीही मारायचं. त्याच्या आईला मी ते दाखवलं तर ती कौतुकानं हसली. सुपरवायझर मॅडम पाहणीला आल्या की नाकाला रुमाल लावून बसत. त्या गेल्या की सगळी लेकरं फ्रॉकाचं नाहीतर सदऱ्याचं टोक नाकाला लावून बसत. नक्कल शिकवावी लागत नाही, थांबवावी लागते, असं मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना सांगायचे.

आता रजिस्टरबद्दल सांगायला हवं, कारण सगळी करामत तिथंच झाली. प्रत्येक मुलामागे एक तक्ता असायचा. कोणत्या महिन्यात मान धरते, कधी बसते, कधी टाळी वाजवते, कधी टाटा करते, कधी मोठ्यांची नक्कल करते. समोर दोन खण, होय आणि नाही. दोन्ही खण सारखेच रुंद होते, पण ‘नाही’त खूण केली की वेगळा तीन पानी फॉर्म भरायचा, मॅडमसमोर उभं राहून ‘काऊन नाही’ ते सांगायचं, आणि वर तुमचं लक्ष नाही हे ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा होय सोपं. आमच्या भागातल्या पाच-सहा सेविका महिनाअखेरीस एकत्र बसायचो आणि चहा पीत, कोणाच्या सासूचं काय चाललंय ते ऐकत, पानामागून पान होय-होय करत जायचो. त्यामुळे आमच्या भागात एकही मूल कधी मागं पडलं नाही. परदेशातून लोकांनी येऊन पाहून जावं, अशी आमची वही होती.

२००३ मध्ये मला मुलगी झाली आणि तिचंही पान उघडलं. मान धरते, होय. बसते, होय. इथपर्यंत खोटं काही नव्हतं. अकराव्या महिन्यात टाळीची ओळ आली. मी तिला मांडीवर घेतलं, तिचे दोन्ही हात धरले आणि वाजवली. हात तिचे, टाळी माझी. लिहिलं, टाळी वाजवते : होय. टाटाचंही तसंच, मनगट धरून हलवलं आणि खूण केली. विहारात पौर्णिमेला सगळी लेकरं आपापल्या आयांकडे बघून हात जोडत. माझी लेक मेणबत्तीच्या ज्योतीकडे बघत बसे. मी मागून तिचे तळवे जुळवून धरायचे. वंदना संपेपर्यंत धरून ठेवायचे, आणि संपली की दोघी सुटायचो.

सासूबाईंना अक्षर वाचता येत नव्हतं. सगळ्यात आधी त्यांनाच दिसलं. त्या म्हणाल्या, पोरीला बाहुली दिली तर ही तिला निजवत नाही, न्हाऊ घालत नाही, नुसता तिचा पाय गरगर फिरवत बसते. बाकीची पोरं आपलं बघून काहीबाही करतात, ही कोणाचं काहीच उचलत नाही. ‘कोनाले तरी दाखव,’ असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं. मी पडले प्रशिक्षित. मी त्यांना प्रत्येक मूल कसं वेगळं असतं यावर छोटंसं भाषण दिलं आणि शेवटी रजिस्टर उघडून समोर धरलं. ‘कागदात लिवलं हाय तं असन,’ म्हणून त्यांनी विषय सोडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मला शाळेपासून पाठ होती, पण पाठ असलेल्या गोष्टी स्वतःला लावायची आमच्याकडे पद्धत नाही.

नवरा नागझिऱ्याच्या जंगलात गाईड. चोरखमाऱ्याच्या गेटवरून पाहुण्यांना घेऊन आत जायचा. नकलेत तो माझ्या तीसही लेकरांना भारी. सांबराचा इशारा, वानराचं खेकसणं, मोराचं ओरडणं, सगळं तोंडानं. वाघ दिसला नाही तरी पाहुणे त्याच्यावर खूश होऊन परतायचे. घरी आला की तो लेकीपुढे उकिडवा बसून सगळं जंगल उभं करायचा आणि ती त्याच्या डोळ्यांत न बघता खांद्यावरून भिंतीवरच्या कवडशाकडे बघायची. एकदा तो थकून म्हणाला, ‘जंगलात वाघ दिसते, पन इचे डोरे काई आपल्याले दिसत नाई.’ मी म्हटलं, तुम्हालाच नक्कल नीट येत नसेल, आणि भात टाकायला उठले. भाताला अजून वेळ होता.

तिसऱ्या वर्षी ती माझ्याच अंगणवाडीत आली. तिथं तिनं पहिल्याच दिवशी आपला उद्योग शोधला. खिचडीच्या गंजाचं जर्मनचं झाकण ती जमिनीवर उभं धरायची, एक गिरकी द्यायची, आणि ते फिरून फिरून खाली बसेपर्यंत त्याच्यासोबत बारीक ‘ऊंऽऽ’ असा सूर लावायची. झाकण थांबलं की दोन्ही हात फडफडवायची आणि पुन्हा गिरकी. तीस लेकरं माझ्यासोबत हावभाव करून गाणं म्हणताहेत आणि बाईची स्वतःची पोरगी कोपऱ्यात झाकण फिरवतेय. मदतनीसबाई जुनी आणि चांगली होती. ती दिसत नसल्यासारखं करायची. तिचं ते न बघणं मला जास्त लागायचं.

एक दिवस मी झाकण हिसकून घेतलं, तिला मांडीत दाबून बसवलं आणि तिचे हात धरून गाण्यातले हावभाव करवू लागले. ती माझ्या दंडाला चावली. मी तिच्या गालात मारली. जोरात मारली. ती चावली म्हणून नाही, माझी इज्जत गेली म्हणून मारली, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी खेळाच्या वेळी एका पोरीनं कापडाची बाहुली मांडीत दाबली, तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्या तोंडात एक ठेवून दिली. अगदी हुबेहूब, ओठ दाबण्यासकट. मूल अनुकरणातून शिकते, दोन रेघा. त्या दिवशी मी लवकर सुट्टी दिली आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, नागपूरला जाऊ.

नागपूरच्या दवाखान्यात जाताना लोक आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या नेतात. मी तक्त्याची नक्कल नेली. शिक्क्यासह. ही चूक फक्त सेविकाच करू शकते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की टाळी कधी वाजवू लागली, टाटा कधी, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या हातानं कागद पुढं सरकवला. त्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या व्यवस्थित नोंदी आणणारी आई त्यांना बहुतेक पहिल्यांदाच भेटली असावी. अडीच वर्षांपर्यंत सगळं होय. म्हणजे पोरगी सगळं करत होती आणि नंतर अचानक गेलं. तेव्हा काय झालं, ताप आला का, झटका आला का, पडली का, कशाला घाबरली का, असं त्या विचारत राहिल्या. मी मान खाली घालून आठवल्यासारखं करत बसले.

मग तपासण्या सुरू झाल्या. डोक्याला तारा लावून एक, रक्ताच्या दोन-तीन, कानाची वेगळी. तिरोड्याहून पहाटेच्या गाडीनं जायचं आणि सगळं ठीक आहे असा कागद घेऊन परतायचं. जे पोरीकडे कधी नव्हतंच ते कुठं हरवलं याचा आम्ही सगळे मिळून वर्षभर शोध घेत होतो. त्यात घरी सासूबाईंनी आठवून आठवून सांगितलं, की पोरगी अडीच वर्षांची असताना, मी मीटिंगला गेले होते तेव्हा, ती त्यांच्या खाटेवरून खाली पडली होती. लागलं नव्हतं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. त्या दिवसापासून त्यांनी नातीला उचलून घेणं सोडलं. खाट उभी करून भिंतीला लावली आणि स्वतः जमिनीवर निजू लागल्या. नवरा एकदा रागाच्या भरात त्यांना बोललाही. मी ते ऐकलं आणि धान पाखडत राहिले. मी आयुष्यात पुष्कळ लबाड्या केल्या आहेत, त्यातली हीच एक मला अजून झोपेतून उठवते.

चौथ्या खेपेला डॉक्टरीणबाई आणखी एका तपासणीची चिठ्ठी लिहायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, ‘मॅडम, तो तक्ता मीच भरला आहे.’

त्या म्हणाल्या की आईनंच भरलाय हे चांगलंच आहे.

‘तसं नाही. टाळी तिनं कधी वाजवली नाही. टाटा केलं नाही. त्यातलं काहीच कधी केलं नाही. मी सगळ्यांचंच होय लिहिते.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तो कागद घडी करून मला परत दिला आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. या वेळी मी खरं सांगत गेले. नाही, नाही, नाही. आयुष्यात इतक्या वेळा नाही म्हणायची मला सवय नव्हती. अर्ध्या तासात त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, म्हणजे आजार नाही म्हणाल्या, मूल असंच घडलेलं असतं म्हणाल्या. कोणाच्या खाटेवरून पडून हे होत नाही, हेही मी विचारून घेतलं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. स्वतःतच मग्न. शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा आमच्या सुपरवायझर मॅडमच आल्या, पण त्यांना कोणी तपासायला नेलं नव्हतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. वहीचं सांगितलं, खाटेचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘मंग मी पाडली म्हून नाई झालं?’ मी नाही म्हटलं. त्या उठल्या, नातीला कमरेवर घेतलं आणि तिला घेऊन आवारात फेऱ्या मारत राहिल्या. मला शिव्या घालायचं काम त्यांनी दुसऱ्या दिवसावर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते मन लावून केलं.

त्याच दवाखान्यात अशा लेकरांना शिकवणाऱ्या एक ताई होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. पंजाबी ड्रेस घातलेली ही पोरगी मला काय शिकवणार, असं मनात घेऊनच मी बसले. त्यांनी विचारलं की मी लेकीसोबत काय काय करते. मी सगळं सांगितलं, हात धरून टाळी, हात धरून टाटा, हात धरून वंदना. त्या ऐकून म्हणाल्या, ‘आता हे सगळं बंद करा. तिनं तुमची नक्कल करायची नाही. तुम्ही तिची करायची. ती झाकण फिरवते, तुम्हीही फिरवा. ती आवाज काढते, तुम्हीही काढा. बघा तिला तुम्ही दिसता का.’ मला वाटलं चेष्टा करतात. म्हणजे सगळ्या जगात लेकरू आईबापाचं बघून शिकतं आणि माझ्याच घरी आईनं लेकराचं बघून शिकायचं. ताई म्हणाल्या, बाकीच्या मुलांना आपण दिसतो म्हणून ती आपली नक्कल करतात. हिला आधी तुम्ही दिसायला हव्यात. मी घरी येईपर्यंत या वाक्यावर चडफडत होते. तीन वर्षं मी तिच्यासमोर नाचत होते आणि तिला दिसतच नव्हते, हे कोणत्या आईला आवडेल?

तरी केलं. रोज दुपारी अर्धा तास तिच्यासमोर मांडी घालून बसायचं, दुसरं झाकण घ्यायचं, फिरवायचं आणि ‘ऊंऽऽ’ करायचं. हात फडफडवायचे. सासूबाई दारातून बघून म्हणाल्या, ‘एक होती, आता दोन झाल्या.’ नवरा मात्र पहिल्याच दिवशी रुळला. ज्याला सांबराचं येतं त्याला झाकणाचं काय अवघड; त्याचा सूर माझ्यापेक्षा जास्त जमायचा, याचा मला रागही यायचा.

बाराव्या का तेराव्या दिवशी तिनं गिरकी दिली, मी दिली, आणि तिनं आपलं झाकण मध्येच हातानं दाबून थांबवलं. मीही थांबवलं. तिनं पुन्हा फिरवलं. मीही. तिनं थांबवलं आणि माझ्या झाकणाकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग वर. पुरता एक सेकंद माझ्या तोंडाकडे. तिनं पुन्हा फिरवलं आणि लगेच थांबवलं, मी फसते का ते बघायला. माझी पोरगी माझी परीक्षा घेत होती. मी रडत रडत झाकण थांबवलं आणि पास झाले.

एवढ्यानं समाधान मानलं असतं तर ती मी कसली. मी तोच प्रयोग अंगणवाडीत नेला. एक गोष्ट मात्र विसरले, आणि ती विसरायला खरंच कमाल लागते. माझ्यासमोर तीस लेकरं बसलेली होती आणि बाई जे करते ते करणं हेच त्यांचं काम होतं. मी झाकण फिरवलं आणि पाच मिनिटांत खिचडीच्या सगळ्या ताटल्या फिरायला लागल्या. तीस ताटल्या, तीस ‘ऊंऽऽ’, साठ फडफडणारे हात. मदतनीसबाई कानावर हात ठेवून बाहेर पळाली. माझी लेक मधोमध उभी राहिली, गोल फिरून सगळ्यांकडे बघितलं आणि खदखदून हसली. बाकीची लेकरं तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली असावीत. त्याच आठवड्यात सुपरवायझर मॅडम आल्या, त्यांनी नाकावरचा रुमाल न काढता सगळं पाहिलं आणि शेरेबुकात लिहिलं, ‘ताटलीचा उपक्रम नावीन्यपूर्ण. हात व डोळा समन्वय चांगला.’

आयांचं मत मात्र वेगळं पडलं. लेकरं घरी जेवायला बसली की ताटल्या फिरवू लागली. भात पडायचा, वरण सांडायचं, वरून फडफड. माझ्या घरासमोरच्याच घरातली एक बाई होती, तिचं धाकटं लेकरू माझ्याकडे यायचं. तिनं नळावर सांगितलं, की बाईच्या पोरीचा रोग लागट आहे, आधी बाईला लागला आणि आता आपल्या पोरांना लागतोय. पुरावा म्हणून तिच्या लेकरानं तिच्यासमोर दिलेली गिरकी होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण गावाला ते पटलं. तिसांची वीस झाली, विसांची अकरा. मॅडमचा निरोप आला, की पट असाच राहिला तर अंगणवाडी शेजारच्या गावाला जोडावी लागेल आणि सेविकेचं काय करायचं ते वरून ठरेल. सरपंचांनी गोडीत सुचवलं, की पोरीला घरी ठेवा, सगळं आपोआप निवळेल. ते खरंही होतं. माझी नोकरी ठेवायची तर पोरगी पुन्हा भिंतीकडे तोंड करून एकटी बसणार. पोरीला ठेवायचं तर माझीच खोली बंद होणार, म्हणजे तिलाही कुठं बसायला उरणार नाही.

रोवणीचे दिवस होते. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत चार बाया बांधीतून थेट समाजमंदिरात आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, पातळाचे काष्टे तसेच. पुढं समोरच्या घरातलीच. तिचं बोलणं वाईट नव्हतं, त्यामुळे मला जास्त झोंबलं. ‘बाई, तुमच्यावर आमचा राग नाई. पन पोरीले घरी ठेवा. आमची लेकरं तिचं शिकून रायली.’

मी सतरंजीवरून उठले. पोरगी माझ्या मागं कोपऱ्यात होती. मी डावा हात कमरेवर ठेवला, उजव्या हाताचं बोट नाचवलं आणि हनुवटी पुढं काढून सुरुवात केली. भांडताना माझी मान प्रत्येक वाक्याला झटका देते, असं नवरा म्हणतो. मी म्हटलं, तुमच्या लेकरांनी बापाच्या शिव्या उचलल्या तेव्हा कोणी माझ्याकडे आलं नाही. तंबाखू घोटायला शिकली तेव्हा तुम्ही हसलात. दारुड्याची चाल चालून दाखवली तर आणखी एकदा चालून दाखव म्हणालात. आणि एका लहान पोरीची ताटली उचलली तर तुम्हाला रोग दिसला. तुमच्या लेकरांना जे येतं ते माझ्या पोरीला येत नाही. ती कोणाचंच काही उचलू शकत नाही, तुमचंही नाही, माझंही नाही. तुमच्या लेकरांना लागेल असं तिच्याकडे आहे तरी काय? असं बरंच काही बोलले. आवाज विहारापर्यंत गेला असणार.

मध्येच मला जाणवलं की त्या माझ्याकडे बघतच नाहीत. सगळ्या माझ्या मागं बघत होत्या. एकीनं पदर तोंडावर धरला. समोरच्या घरातलीच्या ओठाचा कोपरा हलला. माझं डोकं फिरलं. माझ्या तोंडावर माझ्या पोरीला हसताहेत, असं मला वाटलं.

ती म्हणाली, ‘बाई, तुमची पोरगी तुमची नक्कल करून रायली.’

मी तिला म्हटलं, चेष्टेलाही जागा असते, आणि तरी वळले. पोरगी कोपऱ्यात खाली बसलेली, पाठ आमच्याकडे, हातात झाकण. फिरवत होती. नेहमीसारखी.

मी पुन्हा बायांकडे तोंड केलं. त्यांच्यातली एकही आता हसत नव्हती. मी विचारलं, खरं सांगता? त्या माना हलवू लागल्या. चार वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माझ्या पाठीमागं होऊन गेलं होतं, आणि मी तेव्हा ती कोणाचंच काही उचलत नाही हे ओरडून सांगत होते. मी समोरच्या घरातलीला म्हटलं, ‘काय केलं तिनं? मले दाखव.’

ती लाजली. चिखलाचा हात पातळाला पुसला. मग डावा हात कमरेवर ठेवला, उजव्या हाताचं बोट वर केलं, हनुवटी पुढं काढली आणि तोंड उघडं ठेवून, आवाज न काढता, मानेला एक झटका दिला. दुसरी म्हणाली, ‘नाई, बोट असं नोहोतं, असं वाकडं होतं,’ आणि तिनं आपलं बोट वाकडं करून दाखवलं. तिसरीला तेही पटलं नाही. तिच्या मते पोरीनं उजवा हात कमरेवर ठेवला होता आणि बोट डावं होतं. चार चिखलानं भरलेल्या बाया माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून, बोट नाचवत, मुकाट्यानं माना झटकत उभ्या होत्या, आणि त्या चौघींमध्ये मिळून मी माझी पोरगी बघत होते.

‘आनखी एकदा कर,’ मी समोरच्या घरातलीला म्हटलं. तिनं केलं. मी पुन्हा म्हटलं, तिनं पुन्हा केलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचं नव्हतं, कारण तेवढ्यात तिचा झटका हुकला असता. चौथ्या वेळेला तिनं काष्टा खोचला आणि जायला वळली.

‘बाई, रोवना राह्यला हाय,’ ती म्हणाली. ‘उद्या लेकराले धाडतो, तवा पुन्हा करून दाखवीन.’